पूर्वेकडून येणारा पाऊस

पाऊस पूर्वेकडून आला.

मी वाईचा माणूस. साठ वर्षं पाऊस पाहिला तो महाबळेश्वर-पाचगणीच्या अंगाने, पश्चिमेकडून डोंगर उतरून येणारा. आधी डोंगर दिसेनासे होतात, मग मेणवलीकडचं शिवार पुसलं जातं, आणि घाटावर धुणं वाळत घातलेल्या बायकांना ते गोळा करण्यापुरती सवड मिळते. पावसाळ्यात आभाळ बघायचं म्हणजे मावळतीकडे बघायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे 2008 च्या जुलैत, मालीमध्ये बामाकोहून सेगूला जाताना आमचा ड्रायव्हर सारखा समोरच्या, उगवतीच्या क्षितिजाकडे डोळे बारीक करून बघत होता, तेव्हा मला वाटलं तो रस्ता न्याहाळतोय.

दुपारचे दोन वाजले होते. भाजून काढणारं ऊन आणि घामाला वाळू न देणारी हवा. भाचा तिथे सिंचनाच्या पंपांच्या कामावर होता, त्याच्याच आग्रहाने मी गेलो होतो. क्षितिजावर विटकरी रंगाची एक पट्टी दिसली. मी म्हटलं, डोंगर दिसतोय. भाचा म्हणाला, "मामा, इथे डोंगर नाही." पाच मिनिटांत ती पट्टी भिंतीएवढी झाली, आणि भिंत आमच्याकडे चालत येऊ लागली. ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, काचा वर केल्या, इंजिन बंद केलं. बाहेर गाढवगाडीवरच्या दोन मुलांनी गाढव सोडून त्याचं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला फिरवलं आणि ती दोघं आपल्या गाडीखाली शिरली. मग उजेड गेला. तांबड्या धुळीने सगळं भरून गेलं, गाडी हलायला लागली, आणि धूळ अजून हवेत असतानाच तिच्यातून पाणी कोसळायला लागलं. पहिले थेंब चिखलाचे होते. काचेवर लाल ओघळ उतरत होते.

पाऊण तासात सगळं आटोपलं. गाडीतला तापमापक आधी 37 अंश दाखवत होता, आता 24. मुलं गाडीखालून निघाली, त्यांनी गाढव जुंपलं. ड्रायव्हर काच खाली करून कोणाला तरी उद्देशून काहीतरी बोलला, आणि मुलांनी "अमीना" म्हटलं. तो आशीर्वाद होता: देव चांगला पाऊस देवो. इतका पडून गेल्यावरही मागणं तेच.

पाऊस पूर्वेकडून का येतो, याचं कारण पुढे समजलं. पश्चिम आफ्रिकेचा पाऊस हाही मोसमीच. गिनीच्या आखातावरून नैऋत्येचे ओले वारे जमिनीलगत आत शिरतात, अगदी आपल्यासारखे. पण वरच्या थरात वारा पूर्वेकडून वाहतो, आणि वादळांची रांगच्या रांग त्याच्यावर स्वार होऊन पश्चिमेकडे निघते. ओल एका दिशेने येते आणि पाऊस दुसऱ्या. या पूर्वेच्या वाऱ्यातल्या काही लाटा अटलांटिकवर जाऊन पार पलीकडच्या किनाऱ्याला चक्रीवादळ होऊन धडकतात. बाम्बारा भाषेत सान म्हणजे आभाळ आणि जी म्हणजे पाणी, म्हणून पाऊस तो सानजी. सुरात थोडा फरक केला की सान म्हणजेच वर्ष. वर्षा आणि वर्ष यांची सोयरीक त्यांच्याकडेही आहे, हे ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. फ्रेंचांनी मात्र या ऋतूला नाव दिलं इव्हरनाझ, त्याच्या पोटात हिवाळ्याचा शब्द आहे. चाळीस अंशांच्या देशात भर पावसाळ्याला हिवाळा म्हणावं, हे मला शेवटपर्यंत पचलं नाही.

निघण्याआधी पाहिलेल्या बामाकोबद्दल थोडक्यात सांगतो. शहर लाल चिखलात होतं, गटारं रस्त्यावर आली होती, आणि सोत्रामा म्हणतात त्या हिरव्या गाड्या कडेच्या बाकांवर माणसं दाटून त्या पाण्यातूनच चालल्या होत्या. चौकाचौकात आंब्यांचे ढीग. आंबा त्यांच्याकडे आपल्याकडून गेलेला. विकणारी बाई मला आंबा कसा कापायचा ते दाखवू लागली, तिला मी मनापासून दाखवू दिलं.

सेगूला पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. गावाच्या कडेने बाजरीची गुडघ्याएवढी शेतं आणि त्यांत उभी प्रचंड झाडं. बुंधे दोघांच्या कवेत न मावणारे, आणि फांद्यांवर एक पान नाही. भर पावसाळ्यात एवढी झाडं एकदम वाळलेली बघून मला वाईट वाटलं. कीड पडली का, असं मी विचारलं. ड्रायव्हर हसला नाही. या प्रश्नाची त्याला सवय असावी. त्याने सांगितलं, हा बलांझान. पावसाळा आला की हा पानं टाकतो आणि पावसाळा संपला की पालवतो.

मी खाली उतरून झाडाला हात लावला. बाभळीच्या गोतातलं झाड, तसेच काटे, तशीच साल. ही खोड कशासाठी, ते त्याच्याखालच्या पिकाने सांगितलं. बुंध्याजवळची बाजरी बाकीच्या शेतापेक्षा हातभर उंच आणि गर्द हिरवी होती. पेरणीच्या दिवसांत झाड पानं गाळतं, म्हणजे पिकावर सावली पडत नाही आणि पानांचं खत मिळतं. मुळं हवेतला नत्र जमिनीत आणतात. पुढे उन्हाळ्यात सगळं रान भाजून निघालं की हा एकटा हिरवागार, तेव्हा गुरं त्याच्या सावलीत बसतात आणि त्याच्या शेंगा खातात. म्हणून शेत करताना बाकी सगळं तोडतात, बलांझान ठेवतात. सेगूची ओळखच 4,444 बलांझान आणि वर एक, अशी सांगतात. तो वरचा एक कुठे आहे, ते कोणी सांगत नाही. शेतकऱ्याला इतकं जपणारं झाड मी दुसरं पाहिलेलं नाही.

रात्री लाल अंबाडीच्या बोंडांचं थंड सरबत प्यायलो आणि सकाळी नदीवर गेलो. नायजर. पाणी तांबूस, पात्र इतकं रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये. ही नदी गिनीच्या डोंगरांत उगम पावते. तिथून अटलांटिक समुद्र अवघा अडीचशे किलोमीटर, पण ती समुद्राकडे पाठ फिरवून आत, थेट सहाराच्या तोंडात जाते. तिंबक्तूपाशी वाळवंटाला टेकून वळते, आणि 4,180 किलोमीटर चालून नायजेरियात समुद्राला मिळते. कृष्णाकाठच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमची कृष्णाही अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर सोडून 1,400 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. तरी काठावर उभं राहून मी खिशातलं होकायंत्र दोनदा काढलं. पाणी खरंच पूर्वेकडे, आतल्या रेताडाकडे चाललं होतं.

नदी वाहते कोणत्या दिशेला, यावर युरोपातले पंडित शतकानुशतकं वाद घालत होते. मंगो पार्क नावाचा स्कॉटिश डॉक्टर 1796 च्या जुलैत, म्हणजे अशाच पावसाळ्यात, लुबाडला गेलेल्या अवस्थेत इथे पोचला आणि ती पूर्वेकडे वाहताना त्याने डोळ्यांनी पाहिली. सेगूच्या राजाने त्याला नदी ओलांडू दिली नाही. गावात कोणी आसरा दिला नाही. दिवसभर तो एका झाडाखाली उपाशी बसून राहिला. संध्याकाळी आभाळ भरून आलं, तेव्हा शेतातून परतणाऱ्या एका बाईने त्याला घरी नेलं, मासा भाजून वाढला, निजायला चटई दिली. घरातल्या बाया रात्रीचा बराच वेळ कापूस कातत होत्या, आणि या परक्या माणसावर त्यांनी जागच्या जागी गाणं रचून म्हटलं. सकाळी निघताना त्याच्याजवळ देण्यासारखं काही नव्हतं. बंडीला उरलेल्या चार पितळी गुंड्यांपैकी दोन त्याने तिला दिल्या. हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. भूगोलाच्या पुस्तकात नदीची दिशा येते, ती बाई येत नाही.

दोन दिवसांनी आम्हालाच तसा आसरा घ्यावा लागला.

भाच्याचे पंप बसवलेलं एक गाव डांबरी रस्त्यापासून आत होतं. तांबड्या मुरमाचा कच्चा रस्ता, गाडीच्या मागे लोखंडी पाइप लादलेले. निम्म्या वाटेवर पावसाने गाठलं, आणि पुढे एका वळणावर रस्त्यात आडवा बांबू. एका टोकाला दगड बांधलेला, बाजूला गवताचं छप्पर आणि खाली राखणदार. याला म्हणतात पावसाची आडकाठी. पाऊस पडत असताना आणि थांबल्यावरही काही तास जड गाड्या सोडायच्या नाहीत, असा नियम. ओल्या मुरमावर एक ट्रक गेला की गुडघाभर चाकोरी पडते, ती उन्हात दगडासारखी वाळते, आणि मग वर्षभर त्या रस्त्याने कोणालाच जाता येत नाही. आमच्या पुढे तीन ट्रक उभे होते. भाच्याने आपल्या कामाची निकड सांगितली. राखणदाराने पूर्ण ऐकून घेतलं आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. मला त्याचं म्हणणं पटलं. आमच्याकडे पहिल्या पावसात रस्ते उखडतात तेव्हा सगळे ओरडतात. रस्त्यालाही विसावा द्यावा, असं मात्र कोणाच्या मनात येत नाही.

रस्ता उघडायचा होता सकाळी. राखणदाराने निखाऱ्यांवर छोटी किटली ठेवली. हिरव्या चहाची तीच पानं, पुन्हा पाणी आणि साखर घालत, तीनदा उकळतात. पहिला पेला कडवट, तिसरा गोड, आणि तिन्ही संपेपर्यंत दोन तास जातात. या वेळात मला माणसांची ओळख झाली. इथे विचारपूस लांबलचक असते. रात्र शांततेत गेली का, घरचे बरे आहेत का, पोरं बरी आहेत का, आणि प्रत्येकाला उत्तर, काही त्रास नाही. मग आडनावं. आमचा ड्रायव्हर कुलिबाली कुळातला. ते कळताच एका ट्रकवाल्याने त्याला उसळखाऊ म्हणून डिवचलं. ड्रायव्हरने उलट त्याच्या कुळाला आपले गुलाम ठरवलं. मी घाबरलो, पण सगळे खदखदून हसत होते. काही कुळांनी एकमेकांची अशी थट्टा करायची आणि रागवायचं नाही, हा त्यांचा शेकडो वर्षांचा रिवाज आहे. त्या नात्यात भांडण करता येत नाही. रात्रभर अडकलेल्या अनोळखी माणसांना जवळ आणायला याहून बरी युक्ती मी पाहिलेली नाही.

अंधार पडल्यावर जवळच्या वस्तीतून दोन बायका डोक्यावर झाकलेली भांडी घेऊन आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. गाड्या अडकल्यात हे त्यांना दिसलं होतं, एवढंच. मोठं पातेलं मध्ये ठेवलं, सगळे भोवती बसलो, उजवा हात धुतला. पातेल्यात ‘तो’ नावाचा पदार्थ होता, म्हणजे घट्ट उकडलेल्या पिठाचा गोळा, आणि वर भेंडीचं बुळबुळीत कालवण. आपल्यासमोरच्या भागातूनच खायचं, मधे हात घालायचा नाही. मी पहिला घास घेतला आणि थांबलो. बाजरी. माणदेशातल्या माझ्या आजोळची बाजरी. आजी शेवटच्या आजारात खायची त्या घाट्याची चव. टॉर्चच्या उजेडात भाचाही माझ्याकडे बघत होता. त्यालाही ती चव पहिल्या दिवशीच कळली होती, त्याने मला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

बाजरी त्यांचीच. ज्वारीही आफ्रिकेचीच, चिंचही आफ्रिकेचीच, जिला जग अरबांच्या तोंडून हिंदी खजूर म्हणून ओळखतं. आमच्याकडे जुन्या देवळांजवळ दिसते ती गोरखचिंच म्हणजे त्यांचा बाओबाब. ईशान्य मालीतल्या तिलेम्सी खोऱ्यात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांत, मातीत मिसळलेल्या लागवडीच्या बाजरीच्या कोंड्याचे ठसे मिळाले, हे मी पुढे वाचलं. रानातल्या गवतातून असं धान्य कोणीतरी निवडून काढलं, जे अर्ध्या तासाच्या धाडीसारख्या पावसावर आणि मग पंधरा दिवसांच्या उघडिपीवरही तग धरेल. माण-खटावच्या कुठल्या घराने त्या माणसांचे आभार मानले असतील? मी त्या रात्री मानले. शब्द येत नव्हता, म्हणून पिशवीत घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी होती, तो डबा त्या दोन बायकांपुढे केला. शेंगदाणा त्यांच्या रोजच्या कालवणातला. चव घेऊन थोरलीने डोळे मिटले, मग डबा पदरात गुंडाळला.

खरी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली, आणि ती अजून मनातून जात नाही. जुलै ते सप्टेंबर हे तिथे उपासाचे महिने. पेरणी जूनमध्ये, कापणी ऑक्टोबरात. गेल्या वर्षीचं धान्य तळाला गेलेलं, आणि शेतात सगळ्यांत जास्त राबायचं ते याच दिवसांत. फ्रेंचमध्ये याला सूद्युर म्हणतात, म्हणजे धातूचा सांधा: एक पीक दुसऱ्या पिकाला जोडणारा. 1973 आणि 1984 च्या दुष्काळांत हा सांधा निखळला, तेव्हा सहाराच्या कडेच्या साहेल पट्ट्यात माणसं आणि गुरं किती मेली ते तिथले म्हातारे आजही हळू आवाजात सांगतात. मी पोट भरून खाल्लेलं पातेलं अशा दिवसांतलं होतं. ड्रायव्हरला ते ठाऊक होतं. म्हणूनच तो चार घासांवर उठला होता, आणि मला वाटलं होतं त्याला भूक नाही.

पहाटे त्याच बायका रिकामी घमेली घेऊन रानात चालल्या होत्या. रात्रीच्या वाऱ्याने करिते नावाच्या झाडाची फळं पडतात, ती सूर्य वर यायच्या आत वेचायची. झाड कोणी लावत नाही, फळ धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि बियांतून जे लोणी निघतं त्यावर घरचा स्वयंपाक आणि हातखर्च चालतो. हे झाड आपल्या मोहाच्याच कुळातलं. गडचिरोलीच्या बायका मोहाखाली अशाच पहाटे वाकलेल्या असतात.

जेन्ने या शहरात आम्ही सोमवारी पोचलो, बाजाराच्या दिवशी. बानी नदी तराफ्यावरून ओलांडावी लागते. शहर सगळं मातीचं, आणि मध्ये मातीची ती प्रसिद्ध मशीद, 1907 साली बांधलेली. चित्रांत ती किल्ल्यासारखी भक्कम दिसते. पावसाळ्यात पाहिलं की कळतं, तो भिजणारा चिखल आहे. परधर्मीयाला आत प्रवेश नाही, म्हणून मी समोर उभा राहून भिंती बघितल्या. पाणी भिंतीवर ओघळू नये म्हणून छपरावरून भाजक्या मातीच्या लांब पन्हळी बाहेर काढलेल्या. भिंतीतून ताडाच्या लाकडांचे झुपके बाहेर आलेले. ते शोभेसाठी असतील असं वाटतं, पण ती गवंड्यांची कायमची पायाडं. दरवर्षी पावसाआधी नदीकाठचा गाळ भाताच्या कोंड्यात कालवून कित्येक दिवस आंबवतात, आणि एका दिवशी सगळं गाव मिळून मशीद लिंपतं. मुलं चिखल धावत आणतात, बाया पाणी वाहतात, जुने गवंडी लाकडांवर चढून हाताने लेप देतात. पाऊस तो लेप धुतो, पुढच्या वर्षी पुन्हा. शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजायला दुभाषी लागत नाही.

एका म्हाताऱ्या गवंड्याने मला सांगितलं, पावसाशी त्यांचं भांडण नाही, पण अवकाळी पावसाची भीती वाटते. पुढच्याच वर्षी, 2009 च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, चोवीस तासांत 75 मिलिमीटर पाऊस झाला आणि मशिदीच्या दक्षिण मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. तो नंतर पुन्हा बांधला. 2012 पासून मालीत युद्ध पेटलं, 2016 मध्ये युनेस्कोने जेन्नेला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं, आणि आज त्या वाटेने माझ्यासारख्याने जाणं शहाणपणाचं नाही. त्या आडकाठीपाशी भेटलेल्या माणसांचं काय झालं असेल, हा विचार प्रत्येक जुलैत येतो.

निघण्याआधी बानीच्या काठावर मी ड्रायव्हरला विचारलं, पूर कधी येतो? तो म्हणाला, पाऊस संपल्यावर. मला वाटलं भाषेचा घोटाळा झाला. पण तसंच आहे. गिनीच्या डोंगरांत ऑगस्ट-सप्टेंबरात पडलेलं पाणी मालीच्या सपाट खोऱ्यात येतं आणि पसरतं. चांगल्या वर्षी वीस हजार चौरस किलोमीटरहून जास्त भूभाग पाण्याखाली जातो. उतार इतका कमी की पाणी चालायचं विसरतं. जवळपास निम्मं तिथेच उन्हाने उडून जातं. चढत्या पाण्याबरोबर वाढत जाणारा त्यांचा भात, मासे, गुरांची कुरणं, सगळं या सावकाश पुरावर जगतं.

मी ऑगस्टात घरी परतलो. भाचा त्या हिवाळ्यात कामासाठी तिंबक्तूच्या बाजूला होता. जानेवारीत, संक्रांतीच्या दिवशी, त्याचा फोन आला. तिळगुळाचं बोलून झालं, मग म्हणाला, "मामा, काबाराच्या बंदरावर उभा आहे. चहूकडे वाळू आहे आणि नदी काठोकाठ भरलीय."

तिथे शेवटचा पाऊस सप्टेंबरात पडला होता.